सतरा आकडी संख्या हाती आली तर: वही-पेन्सिलीने तिची ओळख कशी करून घ्यावी

मे महिन्यात माझा भाचा डोंबिवलीहून आला. खेडला गाडीतून उतरून एसटीने दापोली, दापोलीहून आंजर्ल्याची गाडी. घरात पाय टाकल्यावर आंब्याच्या अढीकडेही न बघता त्याने दप्तरातून प्रकल्पाची वही काढली. एका पानावर ही संख्या होती:

१२३४५६७८९८७६५४३२१

आणि खाली त्याच्याच सुवाच्य अक्षरात, ‘ही संख्या १०० ने पूर्ण भागली जाते.’ बाजूला लाल शाईत मोठं प्रश्नचिन्ह. शेवटी १ असलेली संख्या १०० ने भागली जाणार नाही हे तिसरीतलं पोरही सांगेल. त्यालाही ते कळत होतं. पण कॉम्प्युटरने तसं छापून दिलं, म्हणून याने तसंच उतरवलं.

मी गणितातली कोणी नाही. बी.कॉम. झाले आणि एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. दिवसभर दारोदार फिरून रात्री बेरजा जुळवायच्या, एवढाच आकड्यांशी संबंध. तरी या एका संख्येवर आम्ही दोघांनी अकरा दिवस घालवले, त्यातले निम्मे चुकीच्या वाटेवर. तुम्हाला कधी अशी लांबलचक संख्या घेऊन बसायचं असेल, मुलांच्या प्रकल्पासाठी किंवा नुसत्या हौसेनं, तर आमचे वाया गेलेले दिवस तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. उदाहरण हीच संख्या. रीत मात्र कुठल्याही संख्येला लागू पडते.

काय काय लागेल

– चौकटीची वही. एका चौकटीत एकच आकडा. साध्या ओळींच्या वहीत सातव्या-आठव्या आकड्यापासून उभे रकाने घसरतात आणि मग चूक सापडत नाही.
– पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको.
– ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. अशा १०६ संख्या आहेत. घाबरू नका, त्यातल्या फार थोड्या लागतात.
– मोबाइलवर पायथॉन ही संगणकाची भाषा चालवणारं एखादं ॲप, पण ते अगदी शेवटी, ताळा बघायला.
– जवळ बसणारा दुसरा माणूस. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट फिरवायचं. पतसंस्थेत आम्ही खाते क्रमांक असेच तपासतो.

१. आधी संख्या नीट उतरवा आणि वाचा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि निम्म्या चुका इथेच होतात. आकडे मोजा: सतरा. मग उजवीकडून डावीकडे पुन्हा वाचा. आपली संख्या दोन्हीकडून सारखीच वाचली जाते, एकापासून नऊपर्यंत चढते आणि तशीच उतरते. त्यामुळे उतरवताना चूक झाली तर लगेच दिसते. शेजारच्या काकूंनी वही बघून विचारलं, “ही भरती-ओहोटी कसली लिहिलीस?” आमच्या घरात तिचं नाव तेच पडलं.

आता वाचायची कशी? आपल्या रीतीने स्वल्पविराम घातले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. कोटीपर्यंतच शब्द वापरायचे ठरवले तर: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. ‘कोटी कोटी’ म्हणावं लागतं आणि ऐकणारा गोंधळतो.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत यावर सोय आहे. एकं, दहं, शतं अशा पायऱ्या तिथे कोटीवर थांबत नाहीत: अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. एकं धरून या अठरा जागा होतात. आपली संख्या सतरा आकडी, म्हणजे डावीकडचा पहिला १ ‘मध्य’च्या घरात बसतो, परार्धाच्या एकच पायरी खाली. डावीकडून तिसरा आकडा, तो ३, ‘जलधी’च्या घरात. पडवीतून समुद्र दिसतो, त्यामुळे भाच्याला तेवढं एक नाव पाठ झालं.

संख्या केवढी आहे याचा अंदाज यायचा तर सेकंदाला एक या वेगाने मोजायला बसा. सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. आमच्या जांभ्याच्या खाली जो काळा कातळ आहे, त्याचा लाव्हा वाहिला त्याला साधारण साडेसहा कोटी वर्षं झाली. झालं एवढं पुरे, पुढे जाऊ.

२. यंत्र कुठे दगा देतं ते आधी समजून घ्या

भाच्याने संख्या स्प्रेडशीटच्या चौकटीत टाकली होती. तिथे ती झाली १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे दोन आकडे गेले आणि जागी शून्यं आली. स्प्रेडशीट पंधरा आकडे जपते, पुढच्या जागा शून्यांनी भरते, आणि तोंडातून अक्षर काढत नाही. प्रकल्पातलं ‘१०० ने भाग जातो’ तिथून आलं.

मी म्हटलं, ब्राउझरमधल्या गणकयंत्रावर करून बघ. तिथे आलं …३२०. आता शेवटचा १ गेला! याचंही कारण आहे. पुष्कळशी साधी गणकयंत्रं २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच एकेक पूर्णांक बिनचूक धरतात. आपली संख्या त्याच्या पुढे, आणि त्या टप्प्यात त्यांना फक्त सम संख्या दिसतात. आपली विषम, म्हणून ती शेजारच्या सम घरात सरकवली गेली. फोनच्या कॅल्क्युलेटरने तर दशांश चिन्ह देऊन पुढे इंग्रजी ‘ई’ आणि १६ लिहिलं. ते एक बरं, निदान आपण पूर्ण दाखवत नाही हे तो कबूल करतो.

म्हणजे एकच संख्या, तीन यंत्रं, तीन उत्तरं, आणि त्यातलं एकही पूर्ण नाही. म्हणून:

– स्प्रेडशीटमध्ये टाकायचीच असेल तर आधी चौकटीचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. संख्या दिसेल पूर्ण, पण तिच्यावर गणित करू नका. खाते क्रमांकांची यादी टाकतानाही हेच लक्षात ठेवा. ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि तिचं निस्तरणं रात्री दीडपर्यंत चाललं होतं.
– ताळा बघायचा तर पायथॉनमध्ये. तिथे पूर्णांक कितीही लांब असला तरी एकही आकडा गळत नाही. मात्र भागाकार करताना दशांश देणारं चिन्ह वापरलंत तर पुन्हा तीच गत. पूर्णांक भागाकाराचं दुहेरी तिरक्या रेघेचं चिन्ह वापरा.

३. लहान कसोट्या लावा

आता वही. शेवटचा आकडा १, म्हणजे २ आणि ५ बाद. पुढे अंकांची बेरीज: एक ते आठ दोनदा, म्हणजे ३६ दुणे ७२, आणि मधला ९. एकूण ८१. म्हणून ३ ने आणि ९ ने भाग जातो. ८१ ने जातो का? भाच्याने लगेच ‘हो’ म्हटलं. थांबा! अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच आहे. बेरीज ८१ आली म्हणून ८१ ने भाग जाईलच असं नाही. तो इथे जातो, पण त्याचं कारण वेगळं आहे, पुढे येईल.

११ साठी एकाआड एक आकडे घ्या. १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १ यांची बेरीज ४१. उरलेले २, ४, ६, ८, ८, ६, ४, २ यांची ४०. फरक १, म्हणजे ११ ने भागल्यावर बाकी १. थोडक्यात हुकलं.

७, ११ आणि १३ एका दमात तपासायची एक छान युक्ती आहे, कारण तिघांचा गुणाकार १००१ होतो. उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडा आणि एकाआड एक अधिक-उणे करत चला:

३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९

आता ७, ११, १३ ने फक्त ३०९ ला भागायचं. बाकी अनुक्रमे १, १ आणि १०. तिन्ही बाद, आणि ११ चा ताळाही जुळला.

तेच गट सरळ बेरजेने घेतले तर ३७ तपासता येतो, कारण ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७.

१२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७

आणि २९९७ म्हणजे ९९९ ची तिप्पट. म्हणजे २७ नेही भाग जातो, ३७ नेही. पहिला मासा गळाला लागला.

सापळा: या युक्तीत गट तीन-तीनांचेच हवेत. आपले स्वल्पविराम तीनांचे नसतात, पहिले तीन आणि मग दोन-दोन. मी पहिल्या दिवशी स्वल्पविराम बघून गट उचलले आणि ३७ ने भाग जात नाही असं ठोकून दिलं. एक आख्खा दिवस त्यात गेला. कसोटीला बसण्याआधी स्वल्पविराम खोडून टाका.

४. पूर्ण वर्ग आहे का बघा

हा या संख्येचा गाभा, इथे घाई करू नका.

आधी चाळणी लावायची. विषम पूर्ण वर्गाचा दशकाचा आकडा नेहमी सम असतो. आपला २, चालेल. शेवटच्या तीन आकड्यांना ८ ने भागून बाकी १ यायला हवी. ३२१ ला भागा, बाकी १, चालेल. अंकांची बेरीज करत करत एक आकडा उरवला तर तो १, ४, ७ किंवा ९ हवा. ८१ चे ९, चालेल. पण ही चाळणी फक्त नापास करते, पास कोणालाच करत नाही. २६५ घ्या. सगळ्या अटी पाळतो, पण १६ चा वर्ग २५६ आणि १७ चा २८९, मध्ये वर्ग नाही.

म्हणून वर्गमूळ काढायचं, शाळेतल्या भागाकाराच्या रीतीने. उजवीकडून जोड्या पाडा:

१ | २३ | ४५ | ६७ | ८९ | ८७ | ६५ | ४३ | २१

नऊ जोड्या, म्हणजे वर्गमूळ नऊ आकडी. पहिल्या १ चं मूळ १, बाकी ०. २३ खाली घ्या. आलेल्या मुळाची दुप्पट २, तिच्यापुढे १ ठेवून २१, एक गुणिले २१, बाकी २. ४५ खाली घ्या, २४५. ११ ची दुप्पट २२, पुढे १, २२१. बाकी २४. ६७ खाली घ्या, २४६७. वजा २२२१, बाकी २४६. ८९ खाली, २४६८९. वजा २२२२१, बाकी २४६८.

इथवर भाचा खूश. २, २४, २४६, २४६८. “मावशी, पुढे दहा येणार, २४६८१०!” मीही मान हलवली. ८७ खाली घेतले, २४६८८७, त्यातून २२२२२१ वजा केले आणि बाकी आली २४६६६.

आमची चूक झाली असं धरून आम्ही पान खोडलं. पुन्हा केलं, पुन्हा २४६६६. तिसऱ्यांदा मी वेगळ्या पानावर केलं आणि त्याला बघू दिलं नाही. तरी २४६६६. त्या संध्याकाळी वीजही गेली आणि आम्ही वही मिटली.

चूक नव्हतीच. पाचव्या जोडीत तो ९ येऊन गेला होता, तिथून आकडे उतरणीला लागतात, मग बाकीने तरी चढत का राहावं? दुसऱ्या दिवशी न थांबता पुढे गेलो: पुढची बाकी २४४४४४, त्यापुढची २२२२२२२, आणि शेवटच्या जोडीला २२२२२२२२१ मधून २२२२२२२२१ वजा, बाकी शून्य. तुमच्या वहीत २, २४, २४६, २४६८, २४६६६, २४४४४४, २२२२२२२, ० ही माळ आली तर बरोबर चालला आहात.

वर्गमूळ: १११११११११. नऊ एक.

असं का होतं ते लहान संख्येवर बघा. १११ गुणिले १११ म्हणजे १११ तीनदा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहायचे. शेवटच्या रकान्यात एकच १ येतो, पुढे दोन, मग तीन, मग दोन, मग एक: १२३२१. नऊ एकांचा वर्ग केला तर मधल्या रकान्यात नऊ एक येतात, आणि नऊपर्यंत हातचा लागत नाही. सगळी गंमत त्या हातचा न लागण्यात आहे.

पूर्ण वर्ग म्हणजे चौरस बाग. एका रांगेत ११,११,११,१११ माड आणि तेवढ्याच रांगा, माड साडेसात मीटरवर एक. अशी एकच रांग ८,३३,००० किलोमीटरांहून लांब होईल, म्हणजे चंद्रावर जाऊन परत येऊनही माड उरतील. शिंपणं कोण करणार ते विचारू नका.

५. मूळ अवयव पाडा

मोठ्या संख्येचे अवयव पाडण्यापेक्षा तिच्या मुळाचे पाडा आणि प्रत्येक दुप्पट वेळा लिहा. वर्गमूळ आधी काढायचं ते यासाठी. आम्ही उलट क्रमाने गेलो होतो, तुम्ही जाऊ नका.

नऊ एक म्हणजे १११ चे तीन गट: १११ × १००१००१. त्यातला १११ = ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तो ३ × ३३३६६७. जमलं:

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

आता ३३३६६७ आणखी फुटतो का? त्याचं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मध्ये, म्हणून ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून बघायचं. आम्ही भागायला बसलो. ७, ११, १३, १७… चाळीसच्या आसपास गेल्यावर भाचा समुद्रावर पळाला.

मग रात्री एक वाट सापडली. एखादी मूळ संख्या नऊ एकांना भागत असेल तर ती नऊ नवांनाही भागते. म्हणजे १ ला तिने भागलं की दशांशातले आकडे नऊ-नऊच्या फेरीने परत येतात, किंवा तीनच्या, किंवा एकाच्या. एकाची फेरी फक्त ३ ची (०.३३३…). तीनची फेरी फक्त ३७ ची (०.०२७०२७…). बाकी कोणी असेल तर तिची फेरी नऊचीच. आणि फेरीची लांबी मूळ संख्येतून १ वजा केल्यावर उरेल त्याला नेहमी भागते. म्हणजे हवी ती मूळ संख्या ९ च्या पटीपेक्षा एकाने मोठी. ती विषमही असणार, म्हणून १८ च्या पटीपेक्षा एकाने मोठी.

यादीत अशा सतराच निघतात: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. एकशे सहा भागाकारांचे सतरा झाले. सतराही करून बघा, कंटाळा करू नका. ३७ ने भागल्यावर बाकी १ उरते, १६३ ने ६, १९ ने ८. शून्य कुठेच नाही. म्हणजे ३३३६६७ ही मूळ संख्या, आणि ३ ने भाग जात नाही हे अंकांच्या बेरजेवरून (२८) दिसतंच.

प्रत्येक अवयव दोनदा घेतला की:

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३⁴ × ३७² × ३३३६६७²

८१ ने भाग का जातो ते इथे कळलं. ३ चा चौथा घात म्हणजेच ८१. जाता जाता ३३३६६७ चा वर्ग हाताने करून बघा, तो येतो १११३३३६६६८८९. मी हा मुद्दाम दोनदा केला, विश्वास बसेना.

६. विभाजक मोजा

किती संख्यांनी हिला पूर्ण भाग जातो? ३ घ्यायचा शून्य ते चार वेळा, म्हणजे पाच पर्याय. ३७ चे तीन, ३३३६६७ चे तीन. ५ × ३ × ३ = ४५.

सापळा एकच: ‘एकदाही न घेणे’ हाही पर्याय आहे. भाच्याने तो सोडला, ४ × २ × २ केलं आणि १६ लिहिले. ताळा सोपा आहे. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या विषमच येते, कारण बाकी सगळे जोडीने येतात आणि वर्गमूळ स्वतःशीच जोडी करतं. १६ सम आहे म्हटल्यावर चूक दिसलीच.

७. कापरेकरांच्या कसोट्या लावा

आता मौजेचा भाग. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा, म्हणजे आपल्याच किनाऱ्याच्या वरच्या टोकाचा. पुढे त्यांनी १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवलं आणि उरलेला वेळ आकड्यांना दिला. १९२७ मध्ये त्यांना गणितासाठी जे पारितोषिक मिळालं ते रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं. आणि परांजपे आमच्या शेजारच्या मुर्डीचे, १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झालेले. हे भाच्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा थंडच होता. पण पुढचं ऐकून तो उठून बसला: १, १२१, १२३२१ या जातीच्या संख्यांना कापरेकरांनी ‘डेम्लो’ कुळात घातलं, आणि ते नाव घेतलं मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या रेल्वे स्टेशनवरून, जिथे त्यांना ती कल्पना सुचली. ते स्टेशन म्हणजे डोंबिवली. “आमचं?” “तुमचंच.”

आपली सतरा आकडी संख्या या माळेतली शेवटची देखणी.

दुसरी कसोटी हर्षद संख्येची. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती हर्षद, हर्ष देणारी. हे नावही कापरेकरांचंच. आपली बेरीज ८१, आणि

१२३४५६७८९८७६५४३२१ ÷ ८१ = १५२४१५७८९९७१०४१

बाकी शून्य. म्हणजे हर्षद. हा भागाकार स्वतः १२३४५६७९ चा वर्ग आहे, कारण नऊ एकांना ९ ने भागलं की १२३४५६७९ येतात. नीट बघा, त्यात ८ नाही. भागाकाराच्या अंकांची बेरीज ६४. तो विषम आणि ६४ सम, तेव्हा तो काही हर्षद नाही. हर्ष एका पिढीपुरताच.

तिसरी कसोटी कापरेकर संख्येची. संख्येचा वर्ग करा, उजवीकडून घेतलेल्या संख्येत जितके आकडे तितके तोडा, दोन्ही तुकड्यांची बेरीज करा. घेतलेली संख्या परत आली तर ती कापरेकर संख्या. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. आता नऊ एकांचं काय? वर्गाचे तुकडे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज:

१२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९

नऊ एक आले नाहीत, नऊ नव आले. नेमकी नऊपट. म्हणजे १११११११११ ही कापरेकर संख्या नाही. पण ९९९९९९९९९ आहे, तिचा वर्ग ९९९९९९९९८०००००००१, तोडून बघा. प्रकल्पात लिहिताना हे दोन्ही वेगवेगळं लिहा. आम्ही पहिल्या मसुद्यात ‘कापरेकर संख्या आहे’ असं घाईत लिहिलं होतं, बेरीज इतकी सुंदर आली म्हणून.

८. पुढची संख्या करून बघा, नाहीतर नमुना फसवतो

मुलं हमखास लिहितात, ‘याचप्रमाणे कितीही एकांचा वर्ग असाच येतो.’ येत नाही. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा येतात, शून्य लिहून हातचा एक पुढे द्यावा लागतो, आणि तो पुढच्या नवाला जाऊन तिथेही दहा होतात. भाच्याची परतीची गाडी दुपारची होती. सकाळी पडवीत बसून त्याने एकट्याने तो गुणाकार केला, चौकटीच्या वहीत, दहा ओळी, आणि खाली उत्तर लिहिलं:

१२३४५६७९००९८७६५४३२१

मी फोनवर ताळा बघितला, बरोबर होतं. तो मात्र डाव्या अर्ध्या भागावर बोट ठेवून बसला होता. “मावशी, सातानंतर एकदम नऊ. इथेही आठ नाही.”

मग एसटीचा हॉर्न वाजला, आणि वही माझ्याकडेच राहिली.